खाऱ्या हवेत टिकणारा छोटा कॉम्प्युटर: पार्ट निवडताना

घरी जोडायच्या स्वस्त आणि आटोपशीर कॉम्प्युटरसाठी पार्टच्या याद्या ढिगाने मिळतात. त्यातल्या बहुतेक याद्या एसी खोलीत, न जाणाऱ्या विजेवर चालणाऱ्या मशीनसाठी केलेल्या असतात. आपल्याकडे, म्हणजे देवगड, गुहागर, श्रीवर्धनच्या पट्ट्यात, जुलैमध्ये भिंतीला ओल असते, संध्याकाळी लाईट मंद होते, वळवाच्या पावसात विजा कडाडतात. आणि एखादा पार्ट गेला तर त्याच्यासाठी मुंबई नाहीतर कोल्हापूर गाठावं लागतं. म्हणून इथे प्रत्येक पार्ट घेताना एक प्रश्न आधी विचारायचा: हा भर पावसात गेला, तर दुसरा कुठे मिळेल? तालुक्याच्या दुकानात मिळत असेल तर बिनधास्त घ्या. नसेल, तर तो कितीही देखणा असो, दोनदा विचार करा.

काम काय, ते आधी

मुलांचा अभ्यास, स्पर्धा परीक्षांचे व्हिडिओ, होमस्टेची बुकिंगं, आंब्याच्या पेट्यांची बिलं, टॅली, मराठी टायपिंग, रात्री एखादा सिनेमा. एवढ्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स पुरतं. कार्ड नाही म्हटल्यावर कॅबिनेट लहान चालतं, उष्णता कमी होते, एसएमपीएस (सगळ्या पार्टना वीज पुरवणारा डबा) छोटा पुरतो आणि इन्व्हर्टरवर भारही कमी पडतो. मोठे गेम किंवा तासन्‌तास व्हिडिओ एडिटिंग करायचं असेल तर हिशोबच वेगळा, तो इथे धरलेला नाही.

आकार: किती छोटा परवडतो?

बोर्डाचे, म्हणजे सगळे पार्ट ज्यावर बसतात त्या मदरबोर्डाचे, दोन आकार लक्षात ठेवा. मिनी-आयटीएक्स १७० बाय १७० मिलिमीटरचा, मायक्रो-एटीएक्स जास्तीत जास्त २४४ बाय २४४ चा. मिनी-आयटीएक्सवाली कॅबिनेटं दिसायला फार गोड असतात. पण तोच चिपसेट (बोर्डाची मुख्य चिप) असूनही मिनी बोर्ड महाग पडतो, त्यावर रॅमच्या दोनच जागा असतात, आणि बऱ्याच चिमुकल्या कॅबिनेटांत नेहमीचा एटीएक्स एसएमपीएस बसत नाही, त्याहून छोटा, एसएफएक्स आकाराचा लागतो. चिपळूण किंवा कुडाळच्या दुकानात साधा एसएमपीएस फडताळावर असतो. एसएफएक्स मागितलात तर बहुधा ‘मागवून देतो’ असं उत्तर येईल. ते मागवणं ऐन गणपतीत आलं की मग बसा वाट बघत.

माझं मत सरळ आहे. मायक्रो-एटीएक्स बोर्ड घ्या आणि साधा एटीएक्स एसएमपीएस बसेल असं ठेंगणं कॅबिनेट बघा. टेबलावर चार बोटं जागा जास्त जाईल, पण आतला प्रत्येक पार्ट कुठेही मिळणारा असेल.

याला एक अपवाद आहे, चाकरमान्यांचा. घर वर्षातले आठ-दहा महिने बंद, गणपतीला आणि शिमग्याला उघडणार, अशा घरात कॉम्प्युटर ठेवून देणं म्हणजे बुरशीला आमंत्रण. त्यांनी एक लिटर आकाराचा मिनी पीसी घ्यावा आणि बॅगेत टाकून तुतारी एक्सप्रेसने येता-जाता बरोबर न्यावा. ऑफिसांतून निघालेले लेनोव्होचे थिंकसेंटर टायनी, डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपीचे एलिटडेस्क मिनी सेकंडहँड बाजारात मिळतात. त्यांतले ‘टी’ अक्षराचे प्रोसेसर, उदाहरणार्थ आय५-८५००टी, ३५ वॅटचे असतात आणि वीज लॅपटॉपसारख्या बाहेरच्या अडॅप्टरवरून घेतात. मात्र इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचंच मशीन घ्या. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि सहाव्या-सातव्या पिढीतली जवळपास सगळी मशीनं विंडोज ११ च्या यादीत बसत नाहीत. ती कवडीमोलाने विकायला आली आहेत ती म्हणूनच. विंडोजऐवजी लिनक्स टाकणार असाल तर तीही वाईट नाहीत.

प्रोसेसर आणि बोर्ड

नव्या पार्टांत एएमडीचा रायझन ५ ५६००जी हा अजूनही सगळ्यात समजूतदार पर्याय वाटतो. सहा कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग), ६५ वॅट, ग्राफिक्स आतच, आणि डब्यात कूलर येतो. २०२४ मध्ये आलेला ५६००जीटी त्याचाच भाऊ. हे दोन्ही एएम४ सॉकेटचे (बोर्डावरच्या प्रोसेसरच्या जागेचे) आणि डीडीआर४ रॅमचे. इंटेलकडे आय३-१२१०० आहे, चार कोअरचा, घरच्या कामाला भरपूर.

इथे फसायला होतं ते नावाच्या शेवटच्या अक्षरावर. आय३-१२१००एफ थोडा स्वस्त दिसतो, पण त्यात ग्राफिक्स नाही. रायझन ५ ५५०० आणि ५६०० यांतही नाही. घरी आणून जोडलात, पंखे फिरले, आणि स्क्रीन काळीच, असं होतं ते यामुळे. बिल करण्याआधी पूर्ण नाव अक्षरागणिक वाचा.

५६००जीला ए५२० किंवा बी५५० चिपसेटचा मायक्रो-एटीएक्स बोर्ड घ्या, आय३ ला एच६१०. इंटेलच्या बाजूने एच६१० घेताना तो डीडीआर४ चा आहे की डीडीआर५ चा, हे विचारून घ्या. दोन्ही प्रकार निघतात आणि एकाची रॅम दुसऱ्यात बसत नाही. एएमडीच्या बाजूने जुना बी४५० बोर्ड स्वस्तात कुणी देऊ केला तर त्याचा बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डातला प्रोग्राम) या प्रोसेसरला ओळखतो का, ते दुकानातच चालू करून बघायचं. मॉनिटरला जी पिन आहे ती बोर्डाच्या मागे आहे ना, हेही तिथेच.

स्वस्त बोर्डांवर वाय-फाय बहुतेक नसतं. त्यासाठी महागडा बोर्ड घेऊ नका. चिऱ्याच्या जाड भिंतींतून सिग्नल असाही रडतखडतच येतो, त्यामुळे राउटरपासून लॅनची वायर ओढणं उत्तम. ते शक्य नसेल तर यूएसबी डोंगल लावा.

रॅम आणि एसएसडी

आतलं ग्राफिक्स स्वतःची मेमरी ठेवत नाही, रॅममधलाच वाटा घेतं. म्हणून सोळा जीबी घ्यायची तर एक सोळाची पट्टी न घेता आठ-आठच्या दोन घ्या; दोन पट्ट्यांनी रॅमचा वेग जवळपास दुप्पट उपलब्ध होतो आणि ग्राफिक्सला तो जाणवतो. डीडीआर४ ३२०० पुरे. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा बाजार ओढून घेतला आणि रॅमचे भाव जगभर चढले. त्यामुळे एखाद्या जुन्या मशीनमधल्या चालू डीडीआर४ पट्ट्या घरात पडल्या असतील तर त्या टाकू नका. मात्र लॅपटॉपच्या आखूड पट्ट्या या बोर्डात बसत नाहीत. बजेट तुटत असेल तर आज आठची एक पट्टी आणि दिवाळीत दुसरी, हेही चालेल.

एसएसडी, म्हणजे फिरत्या भागांशिवाय माहिती साठवणारी डिस्क, एनव्हीएमई (थेट बोर्डावर बसणाऱ्या वेगवान) प्रकारची, एम.२ २२८० आकाराची, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब. ५००जीबी बऱ्याच घरांना पुरते. पीसीआयई ४.० (जोडणीच्या वेगाची पिढी) लिहिलेल्या महाग एसएसडीचा मोह टाळा: ५६००जी स्वतःच ३.० वर थांबतो, जादा वेगाचे पैसे फुकट जातात. फिरती हार्ड डिस्क मुख्य मशीनमध्ये नकोच. बॅकअपसाठी बाहेरची घ्या आणि ती दुसऱ्या घरी, दुसऱ्या गावी ठेवा. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली, तेव्हा एकाच कपाटात ठेवलेला कॉम्प्युटर आणि त्याचा बॅकअप यांत काही फरक उरला नव्हता.

एसएमपीएस: इथे हात आखडू नका

शंभरातले नव्वद जण पैसे वाचवतात ते एसएमपीएसवर. दुकानदारही म्हणतो, ‘‘साहेब, कॅबिनेटबरोबर फ्री येतोय की.’’ तो फ्रीचा एसएमपीएस कॅबिनेटसकट नाकारा, निदान बाजूला काढून ठेवा. आपलं मशीन मॉनिटरसकट साध्या कामाला साठ-सत्तर वॅटच्या आसपास ओढतं, सगळा जोर लावला तरी दीडशेच्या आतबाहेर. म्हणजे मोठ्या आकड्याची गरजच नाही; ४५० वॅट पुष्कळ. तेच पैसे दर्जात घाला: ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचा शिक्का), ॲक्टिव्ह पीएफसी (वीज नीट ओढणारं सर्किट), नावाजलेली कंपनी, वॉरंटी निदान तीन वर्षं.

आणि एक गोष्ट खोक्यावर नाही तर एसएमपीएसच्या अंगावरच्या लेबलवर वाचा. इनपुटसमोर काही ठिकाणी २००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं, काही ठिकाणी १००-२४०. कमी किमतीच्या अनेक मॉडेलांवर पहिला आकडा दिसतो. शहरात त्याने बिघडत नाही. पण वाडीच्या टोकाला, ट्रान्सफॉर्मरपासून लांबच्या घरात, संध्याकाळी सगळे पंप आणि फ्रिज चालू झाले की व्होल्टेज १८० च्या खाली उतरतं. २००-२४० वाला तिथे अडखळतो, मशीन आपोआप रीस्टार्ट होतं आणि दोष विंडोजला दिला जातो. १००-२४० वाला तेच व्होल्टेज शांतपणे पचवतो, वेगळ्या स्टॅबिलायझरची गरजही पडत नाही.

आता इन्व्हर्टर. घरात आहे तो साइनवेव्हचा, म्हणजे भिंतीतल्या विजेसारखीच लहर देणारा, असेल तर उत्तम. जुना स्क्वेअरवेव्हचा असेल तर ॲक्टिव्ह पीएफसीवाला एसएमपीएस त्यावर कधी गुणगुणतो, कधी चक्क बंद पडतो. इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस’ आणि ‘वाइड’ असा खटका असतो, तो यूपीएसवर ठेवा. लाईट गेल्यावर चांगला एसएमपीएस आतल्या कपॅसिटरच्या जोरावर पंधरा-सतरा मिलिसेकंद तग धरतो. तेवढ्यात इन्व्हर्टरने भार उचलला पाहिजे, आणि वाइडवर ठेवलेल्याला तेवढी घाई नसते. इन्व्हर्टर नसेल तर ६०० व्हीएचा छोटा यूपीएस घ्या. काम सेव्ह करून शटडाउन करण्यापुरता वेळ तो आरामात देतो. आणल्या दिवशीच सगळं सेव्ह करून यूपीएसचा प्लग भिंतीतून काढून बघा. मशीन चालू राहिलं तर ठीक, नाहीतर पावती घेऊन परत दुकानात.

अर्थिंग

पार्टच्या यादीत हे नसतं, पण आपल्याकडे यादीतच धरायला हवं. कॅबिनेटच्या उघड्या स्क्रूला पालथी बोटं लागली आणि झिणझिण्या आल्या, तर बिघाड बहुधा कॉम्प्युटरमध्ये नाही, भिंतीत आहे. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात आणि ते पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग तुटलेलं असेल तर पत्र्यावर निम्मं व्होल्टेज तरंगत राहतं. त्यात करंट अगदी बारीक असतो, पण यूएसबी लावता-काढताना बोर्ड हळूहळू त्रास काढतो. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटात घुसवणं तर नकोच.

सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या कातळी पठारावरच्या, घरांना हा त्रास जास्त. जांभ्यात अर्थिंगचा खड्डा खोल जात नाही आणि उन्हाळ्यात जमीन कोरडी ठक्क झाली की अर्थिंग नावापुरतं उरतं. वायरमनकडून मल्टिमीटरने बघून घ्या: फेज आणि अर्थ यांत जवळपास पूर्ण व्होल्टेज दिसलं पाहिजे, न्यूट्रल आणि अर्थ यांत दोन-चार व्होल्टपेक्षा जास्त नको. नवीन खड्डा घ्यायचा तर विहिरीजवळ किंवा मोरीचं पाणी जिथे मुरतं तिथे घ्या, बारमाही ओल राहते.

विजा कडाडायला लागल्या की स्पाइक बस्टरवर विसंबू नका. प्लग काढा, आणि लॅनची वायरही काढा. फायबरच्या काचेतून वीज येत नाही हे खरं, पण राउटरचा अडॅप्टर तुमच्याच भिंतीत असतो आणि तिथून लॅनने थेट बोर्डाशी नातं जुळलेलं असतं.

कॅबिनेट आणि खारं वारं

हर्णै, मालवण, वेंगुर्ल्यात समुद्र दिसतो अशा घरात मशीन लवकर गंजतं, लांज्यात किंवा कणकवलीत तेवढं नाही. वाऱ्याबरोबर आलेलं मीठ बोर्डावर बारीक धुळीसारखं बसतं. हिवाळ्यात ते निमूट पडून असतं. हवेतला दमटपणा पंच्याहत्तर टक्क्यांवर गेला की मीठ स्वतःहून पाणी ओढून विरघळतं. स्वयंपाकघरातल्या बरणीत मृगानंतर मिठाला पाणी सुटतं तसंच. फरक एवढाच की बोर्डावरचं ते खारं पाणी वीज वाहून नेतं आणि तांबं खातं. मे महिन्यापर्यंत ठणठणीत असलेली मशीनं जून-जुलैत आजारी पडतात त्याचं एक मोठं कारण हे.

म्हणून कॅबिनेट घेताना काच आणि रंगीत दिव्यांपेक्षा तीन गोष्टी बघा. पत्र्याचा रंग जाड आणि कापलेल्या कडांवरही आलेला असावा. कडेला नख लावून बघा, पोपडा निघाला तर गंज तिथूनच सुरू होणार. पंख्यांच्या तोंडाला काढून धुता येईल अशी जाळी हवी. आणि मागच्या कार्डांच्या फटी झाकणाऱ्या पट्ट्या स्क्रूने बसणाऱ्या हव्यात, तोडून टाकायच्या नकोत. ती फट एकदा उघडी राहिली की पाल आत जाते. पाल एसएमपीएसमध्ये शिरली की तीही जाते आणि एसएमपीएसही, दुकानदारांना विचारा.

पंखे भाराभर लावू नका. जितकी हवा आत, तितकं मीठ आत. ६५ वॅटच्या प्रोसेसरला डब्यातला कूलर आणि मागे एक पंखा पुरतो. मशीन पश्चिमेच्या पाझरणाऱ्या भिंतीला टेकवून किंवा खिडकीखाली ठेवू नका, जमिनीवर तर नकोच नको.

खरेदी

दोन वाटा आहेत. तालुक्याच्या दुकानातून सगळं घेतलंत तर हजार-दोन हजार जास्त जातील, पण पार्ट बिघडला तर तोच माणूस उत्तर देईल. मुंबईला जाणं होणारच असेल तर ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड आहे, रविवार टाळून जा. मला विचाराल तर प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी या खिशात-पिशवीत मावणाऱ्या चार वस्तू मुंबईतून आणा आणि कॅबिनेट, एसएमपीएस, यूपीएस, मॉनिटर ही जड मंडळी जवळच्या दुकानातून. लवकर बिघडणारे पार्टही साधारण हेच असतात. बिल पक्कंच घ्या, त्यावर प्रत्येक पार्टचा सीरियल नंबर लिहून घ्या, आणि वॉरंटीसाठी पार्ट कुठे द्यायचा ते तिथेच विचारा. कच्च्या चिठ्ठीवर वॉरंटी कुणी देत नाही.

मुंबईतच जोडून घेतलेलं मशीन बसने आणायचं असेल तर जड टॉवर कूलर नको. महामार्गावरचे धक्के तो कूलर बोर्डाला देतो.

जोडणी, थोडक्यात

आगोटीची खरेदी चाललेली असते त्या सुमारास, पावसाआधी, जोडून मोकळे व्हा. स्थिर विजेची भीती पुस्तकांत फार असते. ती कोरड्या हवेची गोष्ट, आपल्या दमट हवेत धोका कमी. तरी एकदा धातूला हात लावून सुरुवात करा. आपला खरा शत्रू घाम: बोर्डावर वाकताना कपाळाला पंचा बांधा.

बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून आधी प्रोसेसर, मग रॅम, मग एसएसडी आणि कूलर बसवा. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणावर आला की तो आपोआप बसतो; दाबावं लागलं तर काहीतरी चुकतंय. चार जागा असतील तर दोन पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या जागेत. कॅबिनेटमध्ये बोर्डाखालचे पितळी खुंट बोर्डाच्या भोकांखालीच आहेत ना ते मोजा. एखादा जादा खुंट मागून शॉर्ट करतो. चोवीस पिनांची वायर सगळ्यांना आठवते, प्रोसेसरजवळची आठ पिनांची राहून जाते. चालू झाल्यावर बायोसमध्ये जाऊन रॅमचा वेग ३२०० वर आणा, नाहीतर काही पट्ट्या कमी वेगावरच चालत राहतात.

पावसाळ्यात

रोज तास-दोन तास तरी मशीन चालू ठेवा. आतली ऊब ओल बसू देत नाही. बंद करून वर प्लास्टिकचं कव्हर घालणं सगळ्यात वाईट, दमट हवा आतच कोंडली जाते. धुळीसाठी सुती फडकं टाका, तेही मशीन थंड झाल्यावर. एखाद्या सकाळी पंखे फिरले पण स्क्रीन आली नाही तर लगेच नवीन बोर्डाच्या गोष्टी करू नका. प्लग काढा, रॅमची पट्टी काढा, तिच्या सोनेरी कडेवरून पांढरं मऊ रबर एकाच दिशेने हलक्या हाताने फिरवा, भुगा झटका आणि पट्टी ‘टक्’ आवाज येईपर्यंत परत बसवा. दमट दिवसांतल्या अशा बऱ्याच तक्रारी एवढ्यावर मिटतात.

ऑक्टोबरची उन्हं पडली की एकदा झाकण उघडा. मऊ ब्रशने बोर्ड झाडा, जाळ्या धुऊन पूर्ण वाळवा, हिरवट डाग दिसला तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसा. यूपीएसची बॅटरी लाईट गेल्यावर पाच मिनिटंही धरत नसेल तर आताच बदला.